नवशीकडे नळ नाही

४ मार्च, मंगळवार
आला बाई एकदाचा नळ! अंगणात, पपईच्या झाडाखाली. तोटी सोडली तर आधी फुसफुसला, मग खोकला, मग भसाभसा वाहिला. एक घोट घेतला — पावडरीचा वास! असल्या पाण्यात डाळ शिजायची नाही. तोटी घट्ट बंद केली नि हंडा घेऊन विहिरीवर गेले, रोजच्यासारखी.

संध्याकाळी वापीहून लेकीचा, दक्षाचा फोन. "आई, नळ आला ना? आता कंबर मोडून घेऊ नकोस." म्हटलं, कंबर माझी आहे. तिला काय सांगू? घरात भिंतींशी बोलून बोलून भिंतीही कंटाळल्यात.

५ मार्च
विहिरीवर नवशी एकटीच. बाकी सगळ्या बाया फितूर!

"तुझ्याकडे नळ आला का गं?" तिने विचारलं.

"छे, कुठला!" मी ठोकून दिलं. "तुझ्याकडे?"

"माझ्याकडेही नाही."

ओढ्यापलीकडे तिचं घर, तिकडे पाईप पोचला नसेल. मला आतून आनंदाच्या उकळ्या! म्हणजे उद्याही ती येणार.

९ मार्च, रविवार
विहिरीवर नवशीची परत तीच गोष्ट! मी नवी नवरी होऊन या कैनाड गावात आले, पहिल्याच दिवशी सासूची तांब्याची कळशी विहिरीत घालवली नि काठावर रडत बसले. नवशीच्या नवऱ्याने गळ टाकून काढली. परवा सांगितली, काल सांगितली, आज पुन्हा. आणि दर खेपेला कळशी वाढतेय! आज तर हंडाच झाला. मीही दर खेपेला "हो का?" म्हणते.

पण ही गोष्ट आठवणारं दुसरं राहिलंय कोण? माझा नवरा गेला, तिचाही गेला. नवशी गप्प बसली तर मी कधीकाळी नवरी होते हे कुणाला खरंसुद्धा वाटायचं नाही.

१२ मार्च
नवशी. विहीर. कळशी. "हो का?"

१५ मार्च, शनिवार
होळीच्या धांदलीत कुणाचं तरी वासरू विहिरीत पडलं. जिवंत निघालं, पण आमच्या सरपंच रोशनीला निमित्त मिळालं. "बाई, विहिरीवर लोखंडी जाळी टाकून बंद करतो. वापरतं कोण आता?" मी अंगणवाडीची बाई होते तेव्हा हिचं नाक मी पुसलंय, आणि ही मला जाळी दाखवते! म्हटलं, "आधी नवशीकडे नळ दे, मग जाळीचं बोल." मान खाली घालून गेली. जिंकले!

१८ मार्च
जिंकले कसली! आज रोशनी हसतच उगवली. "बाई, नवशीआजीच्या अंगणात नळ तुमच्याबरोबरच बसलाय. आत्ता पाणी पिऊन आले तिथलं."

अगं ढोंगी! म्हणजे तीही थापाच मारत होती — माझ्यासाठी! इतकं हसले की चहा उतू गेला. उद्या जाते आणि चांगली पकडते तिला.

१९ मार्च, बुधवार
ओढा ओलांडून गेले. नळ समोरच. तोटी सोडली, धो धो पाणी. "काय गं चोरटे, हे काय?"

नवशी बघत राहिली. "हा कोणी लावला?"

मी हसले. ती हसली नाही. पाणी पायाशी आलं तशी घाबरून मागे सरली.

तिची सून रविना तोटी बंद करायला धावली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकी, दिवाळीपासून सगळंच विसरायला लागल्यात. नळ रोज दाखवते, रोज नव्याने विचारतात. परवा मलाच म्हणाल्या, तू कोणाची पोर? विहिरीची वाट तेवढी चुकत नाहीत."

घरी येऊन जेवले नाही.

२० मार्च
नवशी काठावर वाकून दोर ओढत होती. रोजच वाकते. आज पहिल्यांदा मी मागून तिचा पदर घट्ट धरून ठेवला. मला वाटलं होतं आम्ही दोघी लबाड. लबाड मी एकटीच.

२१ मार्च, शुक्रवार
पंचायतीत गेले. "जाळी टाक. लवकर टाक."

"बाई, तुम्ही सांगताय?" रोशनीचा विश्वासच बसेना.

"मीच सांगतेय. आणि काठावर दोघींना बसायला जागा ठेव." तिच्यासमोरच रडू आलं मेलं! तिने पाणी आणून दिलं. नळाचंच होतं. प्यायले.

२ एप्रिल, बुधवार
काल जाळी बसली. आज घरचा नळ सोडला, हंडा भरला आणि नवशीच्या आधी जाऊन काठावर बसले.

ती आली. जाळीवरून हात फिरवला. "पाणी?"

"तुझ्यासाठी ओढून ठेवलंय."

तिने ओंजळ धरली, पोटभर प्यायली. मग विचारलं, "तुझ्याकडे नळ आला का गं?"

"छे, कुठला!"

"नाही आला तेच बरं," तोंड पुसत नवशी म्हणाली. "या पाण्याची चव त्याला यायची नाही."