टॅलो क्रॉसिंगचं जुनं कोर्ट

रेल्वेगावचा दवाखाना,
४ मार्च १९३७

चि. ऑरिन यास टॅबिथाताईचे अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. जुन्या कोर्टाचं छत बघायला शिडीवर चढले आणि पडले. पाय मोडलाय, जीभ शाबूत आहे. नगरसभा म्हणते, कोर्ट पाडून दगड नव्या पुलाला वापरू. कंत्राटदार सांगतो, उत्तरेची भिंत कधीही कोसळेल. पण पुलाचं कामही त्याचंच. वीस तारखेला तिथेच सभा आहे. तू गवंडी. जाऊन भिंत बघ आणि खरं काय ते सांग. तुला हे जड जाईल, ठाऊक आहे; तरी विचारते.

तुझी थोरली,
टॅबिथा

डेन्व्हर, ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

साठीला आलेली बाई शिडीवर चढते! पाय मोडलाय म्हणून रागवत नाही, एवढंच.

पण त्या कोर्टासाठी माझा शब्द मागू नकोस. आठ वर्षांचा होतो मी. न केलेल्या घोडेचोरीसाठी बाबांना तिथे शिक्षा झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांनी खरा चोर सापडला, बाबा सुटले. पण तोवर रेल्वेमागोमाग कोर्ट दुसऱ्या गावी गेलेलं. त्या खोलीत त्यांना निर्दोष असं कुणीच कधी म्हटलं नाही. पाडू देत. हवं तर पहिला घाव मी घालतो.

प्रकृतीला जपावे.
ऑरिन

दवाखाना, १३ मार्च

चि. ऑरिन यास अ. आ.

त्या दिवशी कोर्टात मीही तुझ्याच बाकावर होते, तुझा हात धरून. पुढे तिथे शाळा झाली, तेव्हा जमिनीच्या फळ्या कुणी ठोकल्या? बाबांनी. तुम्हाला इथे पाय तरी कसा ठेववतो, असं मी विचारलं. तर म्हणाले, पोरांचे पाय गारठतात गं, तेवढा खिळा दे. त्या फळ्यांवर मी एकतीस वर्षं शिकवलं.

अठरा सालच्या साथीत तिथे खाटा लागल्या. बाबांना दोषी ठरवणाऱ्या पंचांचा म्होरक्या प्रूट तिथेच तापाने फणफणला होता. बाबांनी चार दिवस त्याला चमच्याने पाणी पाजलं. तू गाव सोडून गेलेला, आणि बाबा काही हे पत्रात लिहिणारे नव्हते.

आता तिथे गवत भरलंय. मला दवाखाना हवाय, शेजारी वाचनालय. घाव घालायचाच तर आधी भिंत बघ.

टॅबिथा

टॅलो क्रॉसिंग, २१ मार्च

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

आलो, बघितली. पाया अभंग आहे. फुटक्या पन्हळीचं पाणी मुरून वरचा चुना गेलाय, एवढंच. सभेत तसं सांगितलं, तर मागून एकजण ओरडला, की ऐका, घोडेचोराचा पोरगा कोर्टाची हमी देतोय! हशा झाला. मी म्हटलं, हो, त्याचाच पोरगा. तू उभा आहेस त्या फळ्या त्यांनीच ठोकल्यात.

मग अध्यक्ष उठला. तुझ्या त्या प्रूटचाच मुलगा, लेम्युएल. म्हणाला, वडील मरेपर्यंत म्हणायचे, चारचौघांत चूक कबूल करायला हवी होती, धीर झाला नाही. त्याने चिटणिसाला लिहायला लावलं, की आपले बाबा, अमोस, निर्दोष होते आणि हे गावाला मान्य आहे. ज्यांना पटतं त्यांनी उभं राहावं, म्हणाला. ताई, सगळी बाकं रिकामी झाली. मी तेवढा बसून राहिलो, उठवेचना.

मग नगरसभेच्या सहा विरुद्ध एक मतांनी कोर्ट राहिलं. सोमवारपासून भिंतीला हात घालतोय. चार गडी आपणहून आले, त्यात तो ओरडणाराही आहे. चुना कालवायला त्यालाच लावतो.

लोभ आहे तसाच असू द्यावा.
तुझा धाकटा,
ऑरिन