खाली

शनिवार, संध्याकाळ

आज मालिकेत खुनाचा उलगडा झाला एकदाचा. मेलेल्याची चिठ्ठी होती, ‘पेटी खाली आहे.’ हिंदी बोलणाऱ्या इन्स्पेक्टरला वाटलं पेटी रिकामी. ती होती खाली, तळघरात! मी केव्हाच ओळखलं होतं. एवढ्यासाठी पाच भाग ताणले, म्हणून मी करवादत होते.

शेजारी सई मात्र मोबाइलमध्ये जुनं काही शोधू लागली. मग तिनं ह्यांचा शेवटचा मेसेज माझ्यासमोर धरला. ‘मी खाली आहे. ये.’ त्यावर तिचं उत्तर, ‘रविवारी येते.’

“आई, मला वाटलं बाबा फ्री आहेत. मतलब, घरी. ते हॉस्टेलच्या खाली होते का?”

होते. गोपालपुऱ्यात, तिच्या हॉस्टेलच्या फाटकाशी, लाडवांचा डबा घेऊन तासभर. डबा तसाच परत आणला. म्हणाले, अभ्यास असेल, तिला बोलू नकोस. तो रविवार यायच्या आत, शुक्रवारी, हार्ट अटॅकनं गेले. आणि मी? दोन वर्षं मनात धरून बसले, की पोरगी बापासाठी दोन जिने उतरली नाही. जयपुरात वाढलेली मुलगी ‘खाली’ कसं वाचेल, हे मला घरात सुचलं नाही. टीव्हीत लगेच सुचलं.

“नाही गं,” मी म्हटलं, “घरीच होते. मोकळे बसले होते.”

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन फळीवरचा तो डबा घेऊन आली. झाकणावर ह्यांच्या अक्षरातली पट्टी अजून आहे: तिचं नाव, खाली हॉस्टेलचा खोली नंबर. दोन वर्षं घासताना मीच ती जपलीय.