गुडघ्याची पुडी

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. घरात मोठी गोष्ट घडते आहे आणि नोंद ठेवायला माझ्याशिवाय कोणी नाही. नात समीक्षा पळते. तिचे निलेश सर कर्जतहून आले होते. परदेशातली एक संस्था गरीब देशांतल्या होतकरू खेळाडूंना स्कॉलरशिप देते. दोन वर्षं राहणं, जेवण, शिक्षण, बूट, सगळं त्यांचं. बावीस तारखेला पुण्यात शर्यत. त्यातून एकच मुलगी घेणार.
गरीब देश म्हणाले ते आवडलं नाही. कळंबच्या रिसॉर्टात माणसं नुसतं डुंबायला पैसे मोजतात, असं मी सरांना सुनावलं. सूनबाई छायाने मला लगेच दुसरा चहा दिला. म्हणजे गप्प बसा.

५ नोव्हेंबर
समीक्षाचा गुडघा दुखतो. सर म्हणतात, विश्रांती आणि बर्फ. शिवाय बजावून गेले की त्यांना विचारल्याशिवाय कुठलंही औषध द्यायचं नाही, खोकल्याचंसुद्धा नाही. बर्फाने गुडघे बरे होत असते तर हिमालयात कोणी लंगडं नसतं.
माझे गुडघे बघा. पावसाळ्यापर्यंत काठी होती. कशेळ्याच्या बाजारातल्या पुडीवाल्याची पुडी सुरू केली, आता काठीने कोंबड्या हाकलतो. तब्येतही सुधारली. सलूनवाला रोहिदास म्हणाला, आबाजी, गाल चंद्रासारखे गोल झालेत, वस्तऱ्याला काम वाढलं.
विचार करतो आहे.

६ नोव्हेंबर, पहाटे
विचार झाला. अर्धी पुडी समीक्षाच्या नाचणीच्या पेजेत घातली. सकाळची पेज तिला मीच देतो, त्यामुळे कोणाला सांगायची गरज नाही. सरांना औषध नको आहे. ही पुडी म्हणजे झाडपाला. औषधावर लेबल असतं, हिच्यावर काहीच नाही.
वास येतो म्हणाली. नवी नाचणी आहे म्हटलं.

१० नोव्हेंबर
गुडघा बरा. सर बर्फाला श्रेय देत आहेत. देऊ देत. स्कॉलरशिप मिळाली की सत्कारात मी भाषण करणार आणि तिथे सगळं सांगणार. सुरुवात तयार आहे: उपस्थित बंधू आणि भगिनींनो, या यशामागे एक हात आहे.
आजपासून पूर्ण पुडी.

१४ नोव्हेंबर
तहान फार लागते. तांब्या पुरत नाही. दंडावर काळेनिळे डाग आलेत, कुठे आपटलो आठवत नाही. छाया डॉक्टरकडे चला म्हणते. रक्त शुद्ध होताना असं होत असणार. पुडीवाल्याला विचारायला बाजारात गेलो तर त्याची जागा रिकामी. शेजारी भाजी विकणारी जना म्हणाली, दोन माणसं त्याची चौकशी करून गेली, तवापासून आला नाय.
चांगल्या माणसाचे शत्रू फार.
उरलेल्या पुड्या जपून वापरायच्या. माझी बंद. समीक्षाला पुण्यापर्यंत पुरतील. मी काय सोसलं हेही भाषणात घ्यावं का?

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी
पुण्याहून फोन. समीक्षा पहिली. शर्यतीनंतर लघवी तपासायला घेतली म्हणाली. साखर बघत असतील. आमच्या पोरीला साखर नाही.
माझे गुडघे परत धरले. एक पुडी उरली आहे, ती ठेवली.

१९ डिसेंबर, शुक्रवार
सर आले, बसले नाहीत. समीक्षाच्या लघवीत स्टिरॉइड निघालं. स्कॉलरशिप थांबवली.
"मी काय घेतलं नाय," समीक्षा म्हणाली. सारखं तेच म्हणत होती. छाया सरांच्या बॅगेतल्या पावडरच्या डब्याकडे बघत होती. सर छायाकडे बघत होते. माझ्याकडे कोणी बघितलं नाही.
पुढच्या शुक्रवारी अकराला कर्जतला, सरांच्या ऑफिसात, परदेशातले लोक कॉम्प्युटरवर विचारणार. ते पोटात कसं गेलं हे सिद्ध झालं तर विचार करतील. नाहीतर पळण्यावरच बंदी.
जेवणानंतर सांगायचं ठरवलं. जेवताना ती रडली, म्हणून राहिलं.
पुडीत स्टिरॉइड असेल असं नाही. झाडपाल्यात कुठून येणार?

२१ डिसेंबर
आज सांगणारच होतो. पण छायाने सरांना फोनवर सांगितलं, आमच्या दारात पाय ठेवू नका. असं वातावरण असताना बोलणं बरं नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार
गुडघे फार. शेवटच्या पुडीतली अर्धी माझ्या पेजेत घातली. समीक्षा वाटी मला द्यायला आली आणि मध्येच थांबली. वाटी नाकाशी धरली. मग फळीवरचा पुडीचा कागद उघडून तोही नाकाशी धरला. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"आबा, उद्या तुमी संगं चला. तुमीच सांगा. मी सांगितलं तर कोन ऐकायचं नाय."
येतो म्हणालो. काय बोलायचं ते पाठ करतो आहे. भाषणाची सुरुवात बदलावी लागेल.

२६ डिसेंबर, शुक्रवार
सकाळी आंघोळ केली, नवी टोपी घातली. समीक्षाने माझ्या चपला पुसून उंबऱ्याबाहेर सरळ लावून ठेवल्या होत्या. खाली रस्त्यावर जीप हॉर्न देत होती.
उठायला गेलो, गुडघ्यांनी साथ दिली नाही. तू हो पुढे, मी पुढच्या जीपने येतो, असं म्हटलं. पुढची जीप दुपारची. ती दारात उभी राहून माझ्या पायांकडे बघत राहिली. तेवढ्यात जीप सुटली.
तिने पुडीचा कागद मुठीत घेतला, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि पळाली. महिनाभर पुडी नाही. तरी चढावर तिने जीप गाठली.
मी दारापर्यंत गेलो, काठी न घेता. थांब गं, मी येतो, अशी हाक मारली. ऐकू जाणार नाही इतकी ती लांब गेल्यावरच मारली.