हायपो

सोलापूर, ८ जानेवारी

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्रमागांच्या खडखडाटानं तुमचे कान गेले आणि फोनवर आई निम्मा निरोप गाळते, म्हणून पत्रच बरं.

नर्सिंगचे सर म्हणतात, ग्रीक उपसर्ग पाठ करा, अर्धं पुस्तक आलं. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. साखर उतरली की हायपोग्लायसेमिया, अंग गार पडलं की हायपोथर्मिया. इचलकरंजीत तुमच्या कारखान्यात आई टाकीवर कापड पांढरं करायला वापरते ते ‘हायपो’ म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. नाव तेच, कारण त्यात ऑक्सिजन कमी. वर्गात पहिला हात माझा वर गेला. कुठं ऐकलंस, असं सरांनी विचारलं. आमच्या घरच्या कपड्यांना त्याचाच वास येतो म्हटलं, तर सगळे हसले.

आईच्या गळ्याचा रिपोर्ट आला का? औषधाला टाळाटाळ करू देऊ नका. तिला नमस्कार. तुमच्या दोघांच्या मायेची भुकेली,
संयोगिता

कबनूर, २१ जानेवारी

चि. संयोगितास आबाचा आशीर्वाद.

रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाला, हायपोथायरॉईड. ते ऐकून तुझी आई जी घाबरली! टाकीवरचं हायपोच गळ्यात उतरलं म्हणाली, आता कामाला जाणार न्हाय. मग तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, शालू, हायपो म्हंजे नुसतं कमी. गळ्यातल्या गाठीचं काम कमी झालंय, सकाळी एक गोळी घ्यायची, बास. रागाला तेवढी तू हायपर हाईस. हसली आणि गेली की कामाला.

कारखान्यात चहाच्या सुट्टीतबी पत्र वाचलं. मालकानं पाठ थोपटली, पिराजी, लेक हुशार हाय म्हणाला. लई बरं वाटलं.

दुपारनंतर तिला दम लागतोय, खोकतीबी. गळ्याचंच असंल. जेवत जा वेळेवर.
तुझा आबा

सोलापूर, २ फेब्रुवारी

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

दम गळ्याचा नाही, आबा. नावाचं तोंड सारखं म्हणून दुखणं एक होत नाही. गळ्याला गोळी आहे. टाकीवरच्या वाफेला गोळी नाही. छातीच्या डॉक्टरांना दाखवेपर्यंत आईला घरी ठेवा. आणि हायपोच्या टाकीत ॲसिड कुणाला ओतू देऊ नका. विषारी गॅस सुटतो. पहिलं पत्र वाचलंत तसं हेही सगळ्यांना वाचून दाखवा.

काळजीत आहे. लगेच उत्तर द्या.
संयोगिता

कबनूर, १९ मार्च

चि. संयोगितास आशीर्वाद.

आईचे दिवस झाले आणि तू तडक सोलापूरला गेलीस. कागदावर सही का केली, असं जाताना विचारलंतंस. आता लिवतो.

तुझं दुसरं पत्रबी मी सगळ्यांफुडं वाचलंतं. मुकादम म्हणाला, लेकीलाच सांग कारखाना चालवायला. आईला घरी बस म्हटलं, तर ती म्हणाली, टाकी सोडली की जागा जाती. नव्या माणसानं त्याच टाकीत ॲसिड ओतलं. पिवळा धूर उठला. तिच्या जोडीला कामाला असणारी बनाबाई दारापाशी व्हती, ती निसटली. शालू आत व्हती.

दवाखान्यात डॉक्टरनं हायपॉक्सिया लिवलं, रक्तात प्राणवायू कमी. ते बघून मालक म्हणाला, हायपो तर तिला आधीपासनं हाय, तूच सगळ्यांफुडं वाचून दाखवलंस की, हायपो म्हंजे नुसतं कमी, त्यात भ्यायचं काय. मी म्हटलं, ते गळ्याचं, ह्ये छातीचं. कोण ऐकतंय? मालकानं कारखान्याला कुलूप लावलं, कागदावर सही दे मगच उघडतो म्हणाला. बनाबाई दारात येऊन रडली, शालू गेली ती गेली, आता आमच्या चुली का इझवतोस म्हणाली. जुन्या दुखण्यानं गेली, अशा कागदावर सही केली.

शिव्या दे, पण लिव.
तुझा आबा

सोलापूर, २ एप्रिल

ती. आबा,

शिव्या देत नाही. कोल्हापूरच्या कारखाना निरीक्षकांकडे तक्रार केली आहे. थायरॉईड आणि हायपॉक्सिया यांतला फरक लिहिला आहे, सरांनी तपासून दिला. आईला मारलं ते त्या धुरानं, असं स्पष्ट लिहिलं आहे. तुम्हाला बोलावतील तेव्हा खरं सांगा. बनाबाईंच्या चुलीचं मला कळतं. पण आपली चूल कुणी पेटती ठेवली होती, तेही आठवा.

पुढचं तुमच्या हाती. नमस्कार.
संयोगिता

कबनूर, १४ जून

चि. संयोगितास आशीर्वाद.

साहेब आलते. मी खरं सांगितलं, धुरानं गेली म्हटलं. त्यांनी माझी सही फुडं केली, मग ही कुणाची म्हणाले. माझीच. बनाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, धूर बिर काय न्हवता, शालूला पैल्यापासनं दम व्हता. माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाली. तक्रार निकालात निघाली.

कारखाना सुरू झालाय. मला आत घेतलं न्हाय, फाटकावर बसवलंय. तुझ्या आईच्या टाकीवर आता बनाबाई हाय. तोंडाला पदर बांधून येती, खोकती. रोज सकाळी तिला आत सोडून फाटक मीच लावतो.

सुट्टीला ये असं म्हणायचं तोंड न्हाय. माया उरली असंल तर ठेव.
आबा