ओव्हनपुढची खुर्ची

१८ डिसेंबर

पोचले. गाडीला उशीर, बॅगेचा बंद वाटेत तुटला. आणि दारात मामीचा पहिला शब्द — "वाळलीस." दर वर्षी वाळते मी तिच्या हिशेबाने. खरंच तसं असतं तर एव्हाना दिसेनाशी झाले असते!

जेवताना तिच्या तोंडाकडेच लक्ष. खालची कवळी छान बसलीय. माझ्याच हातची. दातांच्या लॅबमध्ये इतकी वर्षं कवळ्या घासतेय, त्याचा घरच्या माणसाला एवढा तरी उपयोग.

मामाशिवायचं हे पहिलं वर्ष. त्याच्या पान्या-पकडींचा डबा अजून जिन्याखाली आहे. मामीने पुसून ठेवलाय.

१९ डिसेंबर

दुपारी दादा, वहिनी आणि त्यांची चिमी आली. दादा मामीचा मुलगा, पण मला सख्ख्याहून जवळचा. बॅगा ठेवतोय न ठेवतोय तोच मला मागच्या दारी गाठलं.

"आई इथे एकटी, माझी झोप उडालीय. मागे जिन्यात पडली, तर आम्हाला आठवड्याने सांगितलं. आमच्याकडे खोली तयार आहे. तू बोल तिच्याशी, तुझं ऐकते ती."

वहिनीचंही तेच. "मी सून. मी तोंड उघडलं तर म्हणतील, घर विकायला निघाली." बरोबर आहे तिचं. जरा खाष्ट असती तर किती सोपं झालं असतं! सासूचा जीव नाही म्हणावं, तर दोघींचाही एकमेकींवर आहे.

हो म्हणून बसले. आता भीती वाटतेय. आणि खरं लिहायचं तर ती मामीसाठी नाही, माझ्यासाठी आहे. आई गेल्यावर वडिलांनी दुसरा संसार मांडला. मग शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी इथेच काढल्या. नोकरी लागल्यावरही रजा मिळाली की इथेच. मामीला पटवलं की या दाराला कुलूप, आणि ते लावायचं मी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

जेवणाआधी बदाम सात मांडला. मामी नेहमीप्रमाणे इस्पिकचा आठ दाबून बसली. पत्ते हातात आले की ती नातंगोतं ओळखत नाही. पुढची सगळी पानं चिमीकडे, ती बिचारी रडकुंडीला. "आजी, सोड ना गं."

"तुझ्या आजोबांसाठी कधी सोडला नाही, तू कोण?"

थोड्या वेळाने मामीने आपणहून आठ टाकला. असं पहिल्यांदाच पाहिलं.

२० डिसेंबर

कॅरममध्ये चिमीने धुव्वा उडवला. मामीशी बोलले नाही. दादा लांबून भुवया उडवतोय, मी भिंतीवरचं घड्याळ बघतेय.

२१ डिसेंबर

आज केक. म्हणजे आज खुर्ची.

मामाने गावभरची यंत्रं नीट केली, पण घरच्या ओव्हनच्या दाराची तुटलेली स्प्रिंग शेवटपर्यंत तशीच. दिव्याखाली अंधार! दार घट्ट राहावं म्हणून त्याला लाकडी खुर्चीची पाठ लावायची आणि कुणीतरी वजनाला बसायचं. लहानपणी आमच्यात भांडणं व्हायची त्यासाठी. पाठ शेकून निघायची, नाकात व्हॅनिला, आणि पहिला तुकडा बसणाऱ्याचा. पण मेख अशी की उठायची सोय नाही. उठलं की दार उघडणार, फुगलेला केक खाली बसणार. मामीने हे बरोबर हेरलं होतं. ज्याच्या पोटात काही आहे, त्यालाच ती बसवायची. मी गणितात नापास झाल्याचं तिथेच ओकले. दादाने वहिनीचं नाव तिथेच घेतलं. पुढे वहिनी पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिलाही बसवून विचारलं होतं, "माझा मुलगा घोरतो, चालेल का?"

तर आज मामी म्हणाली, "तू बस."

बसले. ती भांडं खरवडत होती. वर न बघता म्हणाली, "बोल. काय सांगायला पाठवलंय तुला?"

एका दमात सांगून टाकलं. जिना, खोली, दादाची झोप.

"हे दादाचं झालं. तुझं सांग."

"तू जावंस असंच मला वाटतं, मामी."

"आणि?"

आणि काय! या वयात, डोक्यावर पिकलेले केस घेऊन, लहान पोरीसारखा हुंदका फुटला. "मग मी कुठे येऊ?" म्हणाले आणि उभीच राहिले. मागे दार खाडकन उघडलं.

मामीने आत डोकावून पाहिलं. "गेला. बस आता, रडून घे." पाठीवरून हात फिरवला.

मध्ये खड्डा पडलेला केक सगळ्यांनी जॅम भरून खाल्ला. खाता खाता मामी म्हणाली, "जाते मी दादाकडे. जिना जड जातो आता." दादाने तोंड फिरवलं, डोळे पुसले असणार. वहिनीने सासूचा हात धरला. मीही हसले. मी जन्मभर तोंडंच बघत आले, हसू उसनं असलं की मला कळतं. मामीलाही माझं कळलं असावं.

२२ डिसेंबर

निघाले. मामी निरोपाला दाराबाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "नीट जा."

१० जानेवारी

कामावरून आले तर माझ्या दारात दादा, एक बॅग आणि मामी. दादा घामाघूम. "सगळं सामान आमच्याकडे पोचलं, आणि ही वाटेत म्हणते, आधी तुझ्याकडे सोडायचं."

मामीचे आईवडील, भाऊ जाऊन जमाना झाला. ती कधी कुणाकडे राहायला गेल्याचं मला आठवत नाही. आत आली, कॉटवर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "चहा टाक. चार दिवस माहेरी आलेय, कामाला हात लावणार नाही. आणि आता दर वर्षी येणार, सांगून ठेवते."

चहा टाकायला गेले, तर साखरेचा डबा काही सापडेना. स्वतःच्या घरात!