रिकामी पेटी आधी

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, हे आधीच सांगते. घोलवडच्या वाडीत चिकू भरण्याआधी तुम्ही प्रत्येक रिकामी पेटी काट्यावर ठेवायचात, कारण दवाने भिजलेलं लाकूड जड होतं. बारावीच्या प्रॅक्टिकलची ती सकाळ. मला डहाणूची गाडी गाठायची आहे, म्हणून मी एकच पेटी तोलते आणि तेच वजन खडूने सगळ्या पेट्यांवर लिहिते. तुम्ही येता, भरलेल्या पेट्या लाथेने उलट्या करता. "पेट्या काय एका आईच्या पोटातून आल्यात? आंधळी कुठली! भर परत." चिकू वेचणारी एक बाई धीर करून म्हणते, "शेट, पोरीची परीक्षा हाय." "हीच परीक्षा," तुम्ही म्हणता. गाडी गेली, प्रॅक्टिकल गेलं, माझं वर्ष गेलं. तुम्ही मात्र दुपारी पोटभर जेवलात.

आता मी प्रयोगशाळेत क्ष-किरणांचं यंत्र उभं करते. काडीएवढ्या काचेच्या नळीत नमुना भरायचा, त्यातून किरण सोडायचे, ते कसे विखुरतात त्यावरून पदार्थाची आतली ठेवण ओळखायची. तीन महिने आलेखात एक उंचवटा यायचा, कधी असायचा, कधी नसायचा. मी आरसे पुन्हा बसवले, पंप खोलला, कंपनीच्या माणसाशी भांडले. साहेब म्हणाले, "मॅडम, शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर हे काम दुसऱ्या कुणाला देऊ." गुरुवारी रिकाम्या नळ्यांचा डबा हातात घेतला आणि तुमचा आवाज कानात आला. शिसारी आली मला. मी एकच रिकामी नळी मोजून तिचं माप सगळ्या नमुन्यांतून वजा करत होते, आणि एका नळीची काच जाड होती, दुसरीची पातळ. प्रत्येक नळी रिकामी मोजली, उंचवटा गेला. हे कुठे शिकलात, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, माझी स्वतःची पद्धत आहे. तुमचं नाव घेतलं नाही, घेणारही नाही.

परवा एका विद्यार्थिनीने घाईत एकच नळी मोजली. तिला आजारी आईकडे जायचं होतं, गाडीची वेळ झाली होती. मी तिचे सगळे नमुने बेसिनमध्ये ओतले आणि म्हटलं, "भर परत." तिची गाडी गेली.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही माझी माफी मागायला हवी होती, हे लिहायला बसले होते. आता मला तिची मागायची आहे, आणि ती कशी मागतात ते आपल्या घरात मी कधी पाहिलंच नाही.