यादीतला अकरावा

सोमवार, १० एप्रिल. सकाळी.
पक्षाचा फोन आला. यायचाच होता. चाळीस वर्षं उशिरा आला एवढंच, पण इतिहास काही घड्याळ बघून चालत नाही.

फोनवर अरासेली होती. माझी विद्यार्थिनी. आमच्या तोर्रेओंदा गावच्या शाळेत दुसऱ्या बाकावर बसून बोटांवर मात्रा मोजायची. आता आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि गावातल्या उरल्यासुरल्या डाव्यांची पुढारी. म्हणाली, "मास्तर, मे महिन्यातल्या निवडणुकीला आमच्या यादीत तुमचं नाव हवंय." मी गांभीर्याने थोडा वेळ घेतला आणि हो म्हणालो. थोडा म्हणजे श्वास घेण्यापुरता.

विसीला सांगितलं. शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "कितवा नंबर?" बायकोने तीस वर्षं पोस्टात काढली आहेत. तिला प्रत्येक गोष्टीला नंबर लागतो.

महापौराच्या गच्चीवरून करायच्या भाषणाची सुरुवात लिहिली. ७९ साली याच गच्चीवरून बोललो होतो. तेहतीस वर्षांचा होतो, गावाचा पहिला लाल महापौर! चाळीस मिनिटं बोललो, त्यात पंचवीस मिनिटं कविता. बँडवाले मध्येच जेवायला गेले, पण जाताना त्यांचे डोळे ओले होते, हे मी पाहिलंय.

गुरुवार, १३ एप्रिल
नंबर अकरा. यादीत एकूण नावं अकरा.

अरासेली घरी येऊन समजावून गेली. मत अख्ख्या यादीला पडतं, खुर्च्या वरच्या नावापासून क्रमाने मिळतात, पहिला नंबर तिचा. नगरसभेतल्या अकरांपैकी एक खुर्ची तिला मिळाली तरी महापौराचं बहुमत जातं आणि वाचनालय वाचतं. शेवटची जागा मानाची असते, तिथे जुनं भारदस्त नाव लावायची आपल्याकडे पद्धत आहे. "तुम्ही नुसतं असा, मास्तर. बाकी आम्ही बघतो."

बरोबर आहे. चर्चच्या मनोऱ्यावर घंटाही शेवटीच चढवतात. आणि घंटा काय नुसती असते?

वाचनालय मी काढलेलं. ८१ साल, दोन कपाटं, एक शेगडी, संध्याकाळी शेतमजूर हात धुऊन वाचायला बसत. या महापौराला तिथे व्यायामशाळा करायची आहे. यंत्रावर पळायचं आणि जागच्या जागीच राहायचं. उजव्यांचं अख्खं धोरण त्यात आलं.

शनिवार, २२ एप्रिल
बारमध्ये डोमिनो. न्हावी प्रोस्पेरो सगळ्यांसमोर म्हणाला, "एवारिस्तो, कागद उलटा धर ना! पहिला येशील." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन कागद उलटा धरला. तो चेष्टेत बोलला, पण मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

निश्चय: रोज दहा दारं. घरोघरी जाऊन प्रचार.

शुक्रवार, ५ मे
मतदान केंद्रावर बसायला गावकऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढतात, त्यात विसीचं नाव निघालं. मतदान केंद्रावरच्या टेबलाची अध्यक्ष! पासष्टीनंतर नकार देता येतो. मी तसं सुचवलं. म्हणाली, "का? घरात एकाने तरी निवडून यायला नको?"

सोमवार, १५ मे
दारं: एक. बेनिग्नाबाईंचं. त्यांनी बडीशेपेची दारू दिली, मी जैतुनावरची जुनी कविता म्हटली. डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी मांजरीने उठवलं त्यांना. एक मत पक्कं.

बाकीची नऊ उद्या. उद्या एकोणीस. गुडघा दुखतोय. शिवाय दुपारी लोकांना उठवणं हे आमच्या विचारसरणीत बसत नाही.

अरासेली चौकात भेटली, पायाला फोड आलेले. म्हणाली, "मास्तर, एकेका मताचा प्रश्न आहे. हिशोब फार घट्ट बसतोय." मी म्हटलं, "पोरी, ज्याला कविता मोजता येते त्याला मतं काय जड?"

मंगळवार, २३ मे
आमच्या यादीची मतपत्रिका टपालाने घरी आली; तीच लिफाफ्यात घालून नेऊन पेटीत टाकायची. अकरा नावं, एकाच मापाचं अक्षर. माझ्या नावाशी पोचेपर्यंत माणसाचा डोळा थकतो. ही काही मानाची मांडणी नव्हे. एखादी ओळ हवी. ७९ च्या यादीवरही हवी होती, तेव्हा सुचली नाही.

संध्याकाळी विसी अध्यक्षांसाठीची पुस्तिका मोठ्याने वाचत होती. लिफाफे, शिक्के, काय ग्राह्य, काय बाद. मध्येच म्हणाली, "ऐकतोयस ना, एवारिस्तो?" हो म्हटलं. मी तेव्हा पहिल्या ओळीवर होतो.

शनिवार, २७ मे
आज प्रचाराला कायद्याने बंदी. देशाने शांतपणे विचार करायचा दिवस. हे मला फार जमतं.

दुपारी दोन ओळी उतरल्या. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं:

जैतुनाच्या मुळाशी पाणी अजून जागे,
नाव शेवटी असले तरी नसे मागे.

मतपत्रिकेवर, माझ्या नावाखाली, हिरव्या शाईने लिहिल्या. सुवाच्य. नावाखाली एक रेघही मारली. लिफाफा चिकटवला. आपलं मत इतरांच्या मतासारखंच मुकं का असावं?

रविवार, २८ मे. दुपारी.
मत दिलं. टेबलापाशी विसी कडक इस्त्रीत. ओळखपत्र मागितलं! सत्तेचाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याकडे! दिलं. फोटो पाहून म्हणाली, "यात बरा दिसतोस."

सोमवार, २९ मे. सकाळी.
जे घडलं ते क्रमाने लिहितो.

मोजणीला शाळेचं सभागृह भरलं होतं. विसी एकेक लिफाफा उघडून मोठ्याने पक्षाचं नाव वाचत होती. एका लिफाफ्यावर थांबली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बाद," म्हणाली. महापौराचा प्रतिनिधी म्हणाला, "का बाद? बघू." ती म्हणाली, "काहीतरी लिहिलंय." "काय लिहिलंय?" मग तिने वाचलं. दोन्ही ओळी. पोस्टात तार वाचावी तशी.

अख्खं सभागृह चिडीचूप. आयुष्यात माझी कविता अशी कोणी ऐकली नव्हती. मग प्रोस्पेरोने टाळी वाजवली आणि महापौराच्या सगळ्या माणसांनी. मी मागे उभा होतो. थोडा वाकलोही, असं लोक म्हणतात.

नंतर बेरीज. आपल्याकडे खुर्च्या भागाकाराने वाटतात. महापौराची मतं सातशे त्र्याऐंशी, सहाव्या खुर्चीसाठी त्यांना सहाने भागलं की एकशे तीस आणि वर अर्धं. आमची नुसती एकशे तीस. अकरावी खुर्ची त्यांना गेली.

अर्ध्या मताने.

माझ्या मते दोष भागाकाराच्या पद्धतीचा आहे. यावर सविस्तर लेख लिहायला हवा.

गुरुवार, १ जून
अरासेली आली. ओरडेल म्हणून तीन मुद्दे तयार ठेवले होते. ओरडली नाही. म्हणाली, "मास्तर, ते लवकरच कपाटं रिकामी करणार आहेत. उद्या पुस्तकं खोक्यात भरायचीत, तुमचा हात लागेल का?" लागेल म्हणालो. जाताना दारात थांबली. "लहानपणी तुम्ही मला शिकवलंत, की चांगली ओळ कुठे लिहायची तेही कळलं पाहिजे." मी असं कधी शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं.

संध्याकाळी विसीला विचारलं, "हस्ताक्षर ओळखलंस ना?" म्हणाली, "शाईसकट." मग सोडून का नाही दिलंस? म्हणाली, "मी आयुष्यात कोणाचं पत्र उघडून पुन्हा चिकटवलं नाही."

मग राहवलं नाही. "बाकी जाऊ दे. ओळी कशा होत्या?"

"दुसरीत दोन मात्रा कमी पडतात."

शक्य नाही. शाळेत पस्तीस वर्षं मी हेच शिकवलंय.

बोटांवर मोजल्या. पुन्हा मोजल्या.

कमी पडतात.